अकरावा बावटा

‘हौशी’ या शब्दाचा आपण मराठी माणसांनी जितका उपयोग केला आहे, तितकीच त्याची उपेक्षाही केली आहे. परमुलखात नोकरी करणाऱ्या आपणा मंडळींचे तर या शब्दावाचून वर्ष पार पडत नाही. भाद्रपद जवळ आला की महाराष्ट्र मंडळाच्या सभागृहात हौशी नट जमतात, हौशी दिग्दर्शक त्यांच्यावर आवाज चढवतो, हिशेबखात्यातील एखादे गंभीर गृहस्थ मिशा चिकटवून फौजदार होतात, आणि पडदा पडल्यावर “हौशी मंडळींच्या मानाने चांगलेच झाले हो!” अशी पावती देऊन प्रेक्षक प्रसादाच्या रांगेकडे वळतात. त्या ‘मानाने’त सारे आले. हौशी म्हणजे ज्याला वेतन नाही, वरिष्ठ नाही, आणि म्हणून ज्याच्याकडून फारशी अपेक्षाही नाही, असा मनुष्य. कचेरीत तर हा शब्द दूषण म्हणूनच वावरतो. हाताखालच्या माणसाला सुनावताना “ही काही तुमची हौस नव्हे, सरकारी काम आहे,” एवढे म्हटले की पुढे काही बोलण्याची गरज उरत नाही.

या शब्दाला याहून भारदस्त असा एक अर्थ आहे, आणि तो शब्दकोशापेक्षा समुद्रकाठच्या गावी अधिक चांगला समजतो. मला तो ओडिशात, गंजाम जिल्ह्यातील ब्रह्मपूर येथे समजला.

केंद्र सरकारच्या नोकरीत माणसाला भूगोल शिकवतात ते बदलीचे हुकूम. ब्रह्मपूर हे नाव मी रेशमी साड्यांच्या निमित्ताने ऐकले होते, एवढाच काय तो त्याच्याशी माझा पूर्वपरिचय. तेथे बिऱ्हाड केल्यावर दिसले की हे गाव दोन भाषांच्या उंबरठ्यावर वसले आहे. बाजारात एक वाक्य ओडियात सुरू होते आणि तेलुगूत संपते. त्यात आमची मोडकी हिंदी मिसळली की भाजीवालीला हसू आवरत नसे. समुद्र तेथून जेमतेम पंधरा किलोमीटरवर, गोपालपूरला. पण भाषेपेक्षाही अवघड गेले ते तेथले आकाश.

आपल्या देशावरच्या किंवा कोकणातल्या माणसाला ऋतूंचे एक गणित जन्मजात पाठ असते. वारापावसाचे भय ज्येष्ठ-आषाढात. हस्ताचा हत्ती एकदा गडगडून गेला की आकाश धुऊन निघाले. मग घटस्थापना, सोने लुटणे, कोजागरीचे आटीव दूध, आणि दिवाळीची पहाटेची थंडी. शरद ऋतू म्हणजे निर्धास्तपणा. पूर्व किनाऱ्यावर नेमके उलटे आहे. आषाढ-श्रावणात बंगालच्या उपसागरावर खालचे वारे एकीकडे आणि वरचे वारे दुसरीकडे इतक्या वेगाने धावतात की मोठ्या वादळाचा खांब सरळ उभाच राहू शकत नाही. पाऊस परतू लागला म्हणजे ही ओढाताण थांबते. समुद्र मात्र अजून उबदारच असतो. आणि आपण जेव्हा चंद्राला दुधात पाहत असतो, तेव्हा तिकडे पाण्यावर एक भोवरा हळूहळू आकार घेत असतो. १९९९ सालची कोजागरी २४ ऑक्टोबरला होती. ओडिशात ती कुमार पौर्णिमा म्हणून साजरी होते. कुमारिका नवी वस्त्रे लेऊन चंद्राला ओवाळतात, गाणी गातात. त्यानंतर पाचव्या दिवशी, २९ ऑक्टोबरला, जे वादळ पारादीपजवळ किनाऱ्यावर चढले, त्याच्या वाऱ्याचा वेग ताशी २६० किलोमीटरच्या घरात होता. सुमारे दहा हजार माणसे त्यात गेली. ओडिया माणूस त्याला आजही ‘महाबात्या’ म्हणतो. मूळ संस्कृत ‘वात्या’. आपली अंगणात नाचणारी ‘वावटळ’ त्याच वाऱ्याच्या कुळातली. पण घराणे एक म्हणून स्वभाव एक असतोच असे नाही.

आमच्या शेजारी एक तेलुगू भाषक निवृत्त शिक्षक राहत असत. आयुष्यभर त्यांनी पदार्थविज्ञान शिकवले होते. सारी गल्ली त्यांना ‘मास्टारू’ म्हणे. त्यातला शेवटचा ‘रू’ हा आपल्या ‘गुरुजी’तल्या ‘जी’सारखा आदरार्थी. त्यांच्या गच्चीवरून आंब्याच्या झाडापर्यंत वीसेक मीटर लांबीची एक तार ताणलेली असे. माझ्या पत्नीने पहिल्याच दिवशी तिच्यावर कपडे वाळत घालता येतील का, असे विचारले. मास्टारूंनी अत्यंत नम्रपणे सांगितले, “अम्मा, त्या तारेवर माणसे येऊन बसतात.” ती त्यांची आकाशतार होती. ते हौशी रेडिओचालक होते. जगभर ज्यांना ‘हॅम’ म्हणतात त्यांच्यापैकी एक.

हा छंद वाटतो तितका स्वैर नाही. या मंडळींना परीक्षा द्यावी लागते: विजेचे शास्त्र, नियम, आणि वरच्या श्रेणीसाठी मोर्सची कडकट्टही. परवाना देण्यापूर्वी सरकार माणसाची चौकशी करते. मग त्याला एक संकेतनाम मिळते. भारतातील बहुतेकांचे ‘व्हीयू’ने सुरू होणारे. त्या नावाने तो पृथ्वीवरील कोणाही परवानाधारकाशी बोलू शकतो. पण व्यापार करायचा नाही, गाणी लावायची नाहीत, आणि कोणाशी केव्हा बोलणे झाले याची वहीत नोंद ठेवायची. सरकारला या छंदाची धास्ती वाटावी हेही स्वाभाविकच. महायुद्ध सुरू होताच १९३९ साली इंग्रज सरकारने हौशी परवाने काढून घेतले. आणि १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्तपणे ‘काँग्रेस रेडिओ’ चालवून दाखवला, तेव्हा ती धास्ती अगदीच निराधार नव्हती हेही सिद्ध झाले!

मास्टारूंच्या खोलीत एक यंत्र, मोटारीच्या जातीची बारा व्होल्टची बॅटरी, भिंतीवर वायुभारमापक आणि टेबलावर वही, एवढाच संसार होता. संध्याकाळी मी जाऊन बसे. माझी अपेक्षा अशी की हा छंद बोलण्याचा असणार. प्रत्यक्षात ते तासन् तास ऐकतच असत. ‘आधी ऐका, मग बोला’ हा त्या विद्येचा पहिला नियम. ज्या लहरीवर आपण बोलणार तिच्यावर कोणी आधीच बोलत नाही ना, कोणी क्षीण आवाजात मदत मागत नाही ना, हे पाहिल्याखेरीज कळ दाबायची नाही. आपल्या सभासंमेलनांत हा नियम लागू केला तर किती अध्यक्षीय भाषणे वाचतील, असा एक विचार माझ्या मनात येऊन गेला.

एकदा ऐकता ऐकता खरखर वाढली. मी म्हटले, यंत्र बिघडले वाटते. मास्टारू म्हणाले, “नाही. क्यूआरएन. वीज बोलते आहे.” आकाशातील विजांमुळे होणाऱ्या खरखरीला त्यांच्या संकेतभाषेत हे नाव आहे. दूर कोठे तरी, डोळ्यांना न दिसणाऱ्या ढगात वीज चमकली की तिचा तडतडाट या यंत्रात उमटतो. त्यांनी खिडकीतून वायव्येकडे पाहिले, वहीत वेळ लिहिली, आणि तासाभराने चैत्रातले ते अंधारून आलेले वादळ, ज्याला बंगाली लोक ‘कालबैशाखी’ म्हणतात ते, गावावर आदळले. यंत्रापेक्षा मला नवल वाटले ते त्या वहीचे. कोणी मागितली नव्हती, कोणी तपासणार नव्हते, तरी त्या वहीत वाऱ्याची दिशा, वायुभार आणि ढगांची जात वर्षानुवर्षे लिहिली जात होती.

मी एकदा विचारले, “मास्टारू, आता उपग्रह आहेत, रडार आहेत. या वहीचा उपयोग काय?” त्यांनी मला शाळकरी पोराला समजवावे तसे समजावले. रडारचा किरण सरळ जातो, आणि पृथ्वी मात्र वाकलेली. किरण जमिनीशी अगदी अर्धा अंश कोनाने सोडला, तरी शंभर किलोमीटरवर तो जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंच गेलेला असतो. त्या दीड किलोमीटरच्या खाली काय चालले आहे? गार हरभऱ्याएवढी पडते आहे की लिंबाएवढी? नदीचे पाणी बांधाच्या किती खाली आहे? ढगातून सोंड उतरली का? माणसे राहतात ती नेमकी या खालच्या थरात. आणि तेथे, त्या अंतरावर, रडारची दृष्टी पोहोचत नाही. तेथे डोळेच लागतात, आणि पाहिलेले तत्काळ कळवणारी जीभ लागते.

हे शहाणपण काही नवे नाही. ‘सायक्लोन’ हा शब्द ज्यांनी घडवला ते हेन्री पिडिंग्टन कलकत्त्यात सागरी चौकशीच्या न्यायालयाचे काम पाहणारे अधिकारी होते. पूर्वी ते जहाजाचे कप्तान होते. वादळांचा अभ्यास हा त्यांच्या कामाचा भाग नव्हता. ती त्यांची हौस. बंदरात येणाऱ्या जहाजांच्या रोजनिश्या मागवून घ्यायच्या, कोणत्या तासाला कोणत्या ठिकाणी वारा कोणत्या दिशेचा होता ते नकाशावर मांडायचे, आणि त्यातून वादळाच्या वेटोळ्याचे रूप शोधायचे, असा त्यांचा उद्योग. १८४८ साली त्यांनी खलाशांसाठी पुस्तक लिहिले. नकाशावर ठेवून पाहता यावी अशी पारदर्शक शिंगाची चकतीही त्यासोबत दिली. १८५३ साली त्यांनी गव्हर्नर जनरलना पत्र लिहून बजावले की मातला नदीच्या मुखाशी नवे बंदर वसवू नका, वादळाची लाट ते गिळून टाकील. बंदर वसले; त्याला नाव दिले पोर्ट कॅनिंग; आणि १८६७ च्या वादळाने ते उद्ध्वस्त केले. पिडिंग्टन तोवर हयात नव्हते. परमुलखात नोकरीला आलेल्या या हौशी अधिकाऱ्याचे पत्र एखाद्या फायलीत ‘नोंद घेतली’ असा शेरा लेवून पडले असावे, असे मला उगीचच वाटते.

१८६४ च्या ५ ऑक्टोबरला कलकत्त्यावर महाभयंकर वादळ आले. त्यानंतरच तेथल्या बंदरासाठी इशाऱ्यांची व्यवस्था सुरू झाली आणि १८७५ साली हवामानखाते स्थापन झाले. पुणेकरांना शिवाजीनगरचे ‘शिमला ऑफिस’ ठाऊक असते. पण हवामानखात्याचे मुख्य ठाणे १९२८ साली शिमल्याहून तेथे आले म्हणून हे नाव पडले, हे पुष्कळांना ठाऊक नसते. बंदरावरील बावटे हे या खात्याचे सर्वांत जुने बोलणे. “तीन नंबरचा बावटा लागला” हे वाक्य कोकणातल्या प्रत्येकाने बालपणी ऐकलेले असते. हे बावटे अकरा आहेत. पहिल्यापासून दहाव्यापर्यंत धोका चढत जातो, दहावा महाधोक्याचा. मग अकरावा कशाचा? मास्टारूंनी हे कोडे मला घातले तेव्हा मला उत्तर आले नाही. अकराव्या बावट्याचा अर्थ असा: इशारा देणाऱ्या केंद्राशी आमचा संपर्क तुटला आहे. पुढे काय होणार हे आम्हांला कोणी सांगू शकत नाही. येथल्या अधिकाऱ्याला मात्र हवेचे लक्षण वाईट दिसते आहे.

ज्या कोणी ही संकेतावली रचली, त्याला मी मनोमन नमस्कार केला. सरकारी व्यवस्थेने स्वतःच्या मौनासाठीही एक खूण राखून ठेवावी, आणि ती महाधोक्याच्याही वर ठेवावी, यात केवढा अनुभव साठलेला आहे! हौशी रेडिओचालक हा या अकराव्या बावट्याखाली उभा राहणारा मनुष्य.

२०१३ च्या ऑक्टोबरमध्ये हे सारे पुस्तकातून बाहेर आले. दुर्गापूजेचे दिवस. मंडप उभे होते, आणि नभोवाणीवर ‘फायलिन’चे नाव दर तासाला येत होते. सरकारने किनाऱ्यावरील जवळजवळ दहा लाख माणसे हलवली. मास्टारूंनी आपली तयारी काही न बोलता सुरू केली. बॅटऱ्या भरून घेतल्या. पिण्याचे पाणी घागरींत भरून वरच्या मजल्यावर नेले. चूडा आणि गूळ यांची पुडकी बांधली. चूडा म्हणजे आपले पोहेच. १२ तारखेच्या दुपारी त्यांनी आकाशतार स्वतःच्या हाताने उतरवली. मी चकित झालो. आता गरज लागणार, तर हे तार उतरवतात! ते म्हणाले, “वादळात कोणी उभे राहून भांडत नाही. वादळ गेल्यावर ज्याची तार शाबूत, तो उपयोगाचा.” त्यांचे घर पक्के म्हणून गल्लीतील पाच-सहा कुटुंबे, आमच्यासकट, तेथेच जमली.

त्या रात्री साडेदहाच्या सुमारास फायलिन गोपालपूरजवळ किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे. वाऱ्याचा आवाज मी येथे वर्णन करीत नाही; ज्यांनी ऐकला आहे त्यांना गरज नाही, आणि ज्यांनी ऐकला नाही त्यांना माझ्या शब्दांनी तो ऐकू येणार नाही. मला आठवतो तो कंदिलाच्या उजेडात दर पाव तासाने वायुभारमापकाच्या काचेवर टिचकी मारून आकडा लिहिणारा एक वृद्ध मनुष्य. त्यांनी आम्हांला, बहुधा आमचे लक्ष भयावरून काढण्यासाठीच, जुना नियम शिकवला: आपल्या गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, वादळाचा डोळा तुमच्या डाव्या हाताला. वारा घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरत गेला तर तुम्ही वादळाच्या वाटेच्या उजवीकडे, उलट फिरला तर डावीकडे. आणि आपल्या पूर्व किनाऱ्यावर समुद्राची लाट अधिक चढते ती उजवीकडे. माझा धाकटा मुलगा काळोखात पाठ करून उभा राहिला आणि डावा हात लांब करून म्हणाला, “म्हणजे ते आता तिथे आहे.” भयाला दिशा मिळाली की ते थोडे कमी होते, हे मी त्या क्षणी पाहिले.

पहाटे वारा ओसरला. बाहेर झाडे नव्हती. झाडांच्या जागी आकाश होते. विजेचे खांब गुडघ्यांत वाकलेले, दूरध्वनी मुके, भ्रमणध्वनीचे मनोरे निर्जीव. अकरावा बावटा गावावर लागला होता, फक्त तो कोणाला दिसत नव्हता. मास्टारूंनी आंब्याच्या उरलेल्या बुंध्याला तार बांधली, बॅटरी जोडली आणि कानाला यंत्र लावले. मग जे काही मी पाहिले ते माझ्या साऱ्या नोकरीतील प्रशिक्षणवर्गांपेक्षा मोलाचे ठरले.

बराच वेळ ते नुसते ऐकत होते. मग त्यांनी आपले संकेतनाम आणि ठिकाण सांगितले. दूर कोठून तरी, आयनांबरावर आपटून आलेला, मध्येच बुडणारा एक आवाज उत्तर देऊ लागला. मास्टारूंचे निवेदन चार ओळींचे होते. या गल्लीत मनुष्यहानी नाही. तीन घरांचे छप्पर गेले आहे. मुख्य रस्ता झाडांनी बंद आहे. पिण्याचे पाणी दोन दिवसांचे आहे. समोरच्याने विचारले, गोपालपूरची स्थिती काय? मास्टारू म्हणाले, “मी पाहिलेली नाही.”

तोवर अंगणात माणसे जमली होती. एक जण घाम पुसत सांगू लागला की किनाऱ्यावर शेकडो माणसे वाहून गेली, हे ताबडतोब दिल्लीपर्यंत कळवा. मास्टारूंनी यंत्रावरचा हात काढून त्याला हळूच विचारले, “बाबू, तुम्ही स्वतः पाहिले का?” त्याने नाही पाहिले. त्याच्या मेहुण्यानेही नाही. मेहुण्याला कोणी तरी सांगितले होते. मास्टारूंनी ते कळवले नाही. त्या दिवशी त्यांनी ती बातमी कळवली असती तर ती वाऱ्यापेक्षा वेगाने देशभर गेली असती; जी मदत एका दिशेला जायला हवी ती भलतीकडे धावली असती. पुढे समजले की पूर्वीच्या मानाने या वादळात प्राणहानी फारच थोडी झाली. सबंध ओडिशात पन्नासाहूनही कमी.

नंतरचे तीन दिवस त्या खोलीतून निरोप जात राहिले. एका रुग्णालयाच्या जनित्राचे तेल संपत आले होते, तो निरोप. औषधांची यादी. कोणाचे वडील सुखरूप, कोणाची मुलगी सुखरूप. निरोप देण्याची त्यांची एक शिस्त असते: प्रत्येक निरोपाला क्रमांक, आणि त्यात शब्द किती तेही सांगायचे, ऐकणाऱ्याने तो परत वाचून दाखवायचा. एक शब्दही वाटेत गळता कामा नये. साताऱ्याला माझ्या आईला पोहोचलेला निरोप पाच शब्दांचा होता: ‘सर्व सुखरूप. घर शाबूत. काळजी नको’ असे मी लिहून दिले, तेव्हा मास्टारूंनी मोजून सहा सांगितले आणि ‘सर्व’ खोडला. “सुखरूप म्हणजे सर्वच,” ते म्हणाले. ब्रह्मपूरहून तो शब्दशः दुसऱ्या एका हौशी माणसाकडे गेला. त्याने आपल्या गावातून साताऱ्याला दूरध्वनी केला. मराठी त्याला येत नव्हते. त्याने ती अक्षरे जशी ऐकली तशी उच्चारली. आई पुढे कित्येक दिवस सांगे, “कोण होता देव जाणे, पण ‘शाबूत’ फार छान म्हणाला.”

ब्रह्मपूरची ही गोष्ट एकट्या ब्रह्मपूरची नाही. १९७० च्या १२ नोव्हेंबरला जे वादळ तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात भोला बेटावर चढले, त्याचे छायाचित्र उपग्रहाने घेतलेले होते. वादळ येते आहे हे ठाऊक होते. झोपडीत निजलेल्या माणसाला ते ठाऊक नव्हते. निदान तीन लाख माणसे गेली. पुढे स्वतंत्र बांगलादेशाने रेडक्रॉसच्या साहाय्याने खेडोपाडीचे स्वयंसेवक उभे केले. त्यांना दिले काय? बिनतारी यंत्रांचे जाळे, हाताने फिरवायचा भोंगा, कर्णा आणि निशाण. अलीकडच्या वर्षांत या स्वयंसेवकांची संख्या ७० हजारांच्या पुढे गेली असून त्यांत निम्म्याच्या आसपास स्त्रिया आहेत. २००७ च्या ‘सिडर’ वादळात तेथे साडेतीन हजारांच्या आसपास माणसे गेली. हा आकडा लहान नाही. पण तीन लाखांशेजारी तो ठेवला म्हणजे त्या भोंग्याचे मोल कळते. अमेरिकेत १९६५ च्या ११ एप्रिलला एकाच दिवशी टोर्नेडोंनी अडीचशेहून अधिक माणसे मारली. त्या धड्यातून ‘स्कायवॉर्न’ नावाची स्वयंसेवक निरीक्षकांची संघटना उभी राहिली. त्यांत हौशी रेडिओवाल्यांचा भरणा मोठा. ते वादळाकडे पाहतात आणि दिसेल ते कळवतात. टोर्नेडो ही काही परदेशी वस्तू नव्हे. १९९८ च्या २४ मार्चला बंगाल-ओडिशाच्या सीमेवर दांतनला आणि २०२४ च्या ३१ मार्चला जलपायगुडीत तो येऊन गेला. काही मिनिटांचे आणि काहीशे मीटर रुंदीचे ते काम. पाहणारा नसेल तर आकाशातील कोणत्याही यंत्राला त्याचा पत्ता वेळेवर लागेलच असे नाही.

आणि २००४ चा अंदमान! हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद आपल्या सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या त्या केवळ छंदासाठी. त्या बेटांवरून हौशी रेडिओला कित्येक वर्षे परवानगी नव्हती. ती मिळाली म्हणून जगभरचे हौशी लोक त्यांच्याशी एक शब्द बोलायला टपून बसले होते. २६ डिसेंबरला समुद्र आत आला. खेळ तत्क्षणी थांबला, आणि त्याच यंत्रांवरून बेटांची खबर मुख्य भूमीला जाऊ लागली. खेळत होती म्हणूनच ती माणसे तेथे होती; आणि रोज खेळून हात तयार होते म्हणूनच त्या दिवशी ती उपयोगी पडली. हौसेचा हा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात मांडता येणार नाही.

यावर आपल्यापैकी एखादा व्यवहारी गृहस्थ म्हणेल, आता काळ बदलला. १९९९ नंतर दोनच महिन्यांत ओडिशाने आपत्तिनिवारणासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापले. किनाऱ्यावर उंच खांबांवर निवारे बांधले. भोंग्यांचे मनोरे उभारले. हे सर्व खरे आहे, आणि लक्षावधी प्राण वाचले ते प्रथम त्यामुळे वाचले. सरकारी यंत्रणेने दहा लाख माणसे हलवली नसती तर मास्टारूंच्या यंत्रावरून केवळ मृतांची गणती गेली असती. पण फायलिननंतर बरोबर एक वर्षाने, त्याच १२ ऑक्टोबरला, ‘हुदहुद’ विशाखापट्टण शहरावरच चालून आले, तेव्हा त्याने हवामानखात्याचे रडारही निकामी केले. यंत्र जितके उंच आणि जितके मोठे, तितके ते वाऱ्याच्या तोंडी. पायरीपायरीने सर्व दिवे मालवत गेले की शेवटी उरतो तो एक मनुष्य, एक तार आणि एक बॅटरी.

मला स्वतःला यात एक अधिकारी म्हणून अधिक विचार करावासा वाटतो. आपण आयुष्यभर अहवाल लिहितो. ‘असे समजते की’, ‘असे निदर्शनास आणण्यात आले आहे’, ‘प्राथमिक माहितीनुसार’ ही आपली भाषा. तिच्यात क्रियापद असते, पण पाहणारा नसतो. मास्टारूंच्या भाषेत पाहणारा आधी येई: मी, या ठिकाणी, या वेळी, हे पाहिले; त्यापलीकडचे पाहिले नाही. ‘मी पाहिलेले नाही’ हे वाक्य वरिष्ठापुढे उच्चारायला केवढे धैर्य लागते, हे आपणांस सांगायला नको. त्यांना वरिष्ठ नव्हता म्हणून ते सोपे गेले, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. वरिष्ठ नसलेल्या माणसाला बढाईची मुभा अधिक. त्यांना आवरणारी वस्तू एकच होती: पलीकडे कोणी तरी त्यांच्या शब्दावर विसंबून नाव लोटणार आहे, ही जाणीव.

दुसरे असे की आपण सारे परमुलखात तात्पुरते. घर साताऱ्याला किंवा रत्नागिरीला, मन तिकडे, आणि शरीर येथे बदलीच्या हुकमाची वाट पाहत. अशा माणसाला येथल्या वाऱ्याशी काय देणेघेणे? पण वादळ रहिवासाचा दाखला मागत नाही. शिवाय ज्या घराकडे आपले मन असते, तेही आता निर्धास्त राहिलेले नाही. २०२० च्या ३ जूनला ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर चढले. दिवेआगर-श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, आणि मुंबई-पुण्यात बसलेल्या मुलांना गावच्या आईवडिलांचा आवाज कित्येक दिवस ऐकू आला नाही. तेथेही अकरावा बावटा लागला होता.

ब्रह्मपूर सोडल्यावर माझ्या दोन बदल्या झाल्या. मी रेडिओचा परवाना काढलेला नाही. मोर्सची कडकट्ट या वयात हाताला बसेलसे वाटत नाही. माझ्या मुलाने मात्र परीक्षेचे पुस्तक मागवले आहे, आणि तो अधूनमधून चहाच्या कपावर चमच्याने काही तरी वाजवत असतो. मी स्वतः एवढेच करतो की नव्या गावी सामान उतरवले की पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्यांना तीन गोष्टी विचारून ठेवतो: येथे वादळ कोणत्या दिशेने येते, पाणी प्रथम कोठे भरते, आणि या गावात रात्री ऐकत बसणारा कोणी आहे का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कोणीही देतो. तिसऱ्याला थोडी चौकशी करावी लागते. पण बहुधा कोणी तरी, मनाशी हसत, एखाद्या गच्चीवरून झाडापर्यंत गेलेल्या तारेकडे बोट दाखवतो.